मोटरीला ऑटो होता

दरवर्षी अग्निशमन केंद्रात त्या दोघांच्या फोटोंना हार घालतात, आणि दरवर्षी कोणीतरी माईक हातात घेऊन म्हणतंच, की आगीशी झुंजता झुंजता त्यांनी प्राण सोडले. मी मागच्या रांगेत बसलेला असतो. उठून सांगावंसं वाटतं की बाबांनो, आग तिथून दोनशे पावलांवर होती. आगीनं त्यांच्या अंगावरचा केससुद्धा जळला नव्हता. ते माझ्या विहिरीत गेले.

हे मी आता सांगू शकतो. पहिले दोन महिने सांगितलं नव्हतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. 'पाणी विजेचे सुवाहक आहे' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. कोऱ्हाळ्याच्या रस्त्याला आमची शेती आहे, ऊसच सगळा. शेती धाकटा भाऊ बघतो, मी शनिवार-रविवार त्याच्या कामात नाक खुपसतो. आणि माझा एक स्वभाव आहे, तो आधीच सांगून टाकतो. मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. कोणी काही विचारलं की माझं उत्तर तयार असतं, आणि विचारणाऱ्यानं पुन्हा विचारलं की माझं डोकं फिरतं. वर्गात पोरं दुसऱ्यांदा शंका विचारायला घाबरतात. मी त्याला वर्गावरची पकड समजत होतो.

आमच्याकडं शेतीला वीज पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात कोण अंथरुणातून उठून, बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत बटण दाबायला जाणार? म्हणून प्रत्येकानं मोटरीच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे. हाताच्या पंजाएवढा डबा. वीज आली की तो आपोआप मोटर चालू करतो. तुम्ही घोरत पडा, ऊस पाणी पीत राहतो. शेतावर एक वेळ देवाचा फोटो नसेल, पण ऑटो असतोच.

आमच्याही मोटरीला होता. विहिरीतल्या पाणबुडी मोटरीच्या केबलला मध्ये, पाण्याखाली एक जोड होता, तोही मीच मारलेला. चिकटपट्टी आणि वरून सायकलच्या ट्यूबची गुंडाळी. दोन वर्षं टिकला म्हणून मी भावाला ऐकवायचोही, की बघ, हे असं काम करायचं असतं.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. घरी येऊन जेवलो आणि शेतावर गेलो. उन्हाळा लागला होता. तीनच्या सुमाराला शेजाऱ्याच्या उसातून धूर दिसला. उसाला आग लागली की बघता बघता पसरते. वाळका पाला तडतडत पेटत जातो आणि माणूस नुसता बांधावर उभा राहतो. कोणीतरी फोन केला आणि अर्ध्या तासात बंब आला.

बंबावर ड्रायव्हर धरून चौघं होते. त्यातल्या दोघांचं सांगायचं आहे. एक पन्नाशीला आलेला, मिशा पांढऱ्या झालेल्या. बाकीचे त्याला तात्या म्हणत होते. दुसरा पंचविशीतला, शिडशिडीत, काम करताना न बोलणारा. त्यांनी आमच्या बाजूचा फड वाचवला, हे मला नीट आठवतं. पाण्याचा फवारा त्यांनी पेटत्या उसावर न मारता मधल्या बांधावर आणि आमच्या उसाच्या पहिल्या सऱ्यांवर मारला. मी ओरडत होतो, की अहो तिकडं मारा, जळतंय तिकडं. तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बंबातलं पाणी संपलं. जवळची विहीर माझी. बंब विहिरीच्या काठाशी, धावेवर आणला, त्यांनी जाड पाइप विहिरीत सोडला आणि बंबाच्या पंपानं पाणी ओढायला सुरुवात केली. थोडं आलं आणि थांबलं. पाइपाच्या तोंडाला जाळी असते, तिच्यात पाला आणि शेवाळ अडकलं होतं. कोणीतरी खाली उतरून ती साफ करायला हवी होती.

तात्या काठावर आले. विहिरीच्या बांधकामातून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या त्यांनी वरूनच न्याहाळल्या आणि मला विचारलं, "सर, मोटर बंद हाय ना?"

"बंदच हाय," मी म्हणालो. "ह्या आठवड्यात लाईट रात्री हाय. आता कुठली मोटर?"

तात्या बूट काढायला लागले. तेवढ्यात तो शिडशिडीत मुलगा म्हणाला, "सर, आटो हाय का मोटरीला?"

तिकडं ऊस जळत होता, इकडं हा प्रश्नपत्रिका काढत होता. मला राग आला. आजूबाजूला दहा-बाराजण उभे होते. मी त्यांच्याकडं बघून हसलो आणि म्हणालो, "अरं, लाईटच न्हाय तर आटो काय करंल? काय शिकवलंय का न्हाय तुला शाळेत?"

सगळे हसले. तोही थोडा ओशाळून हसला. मग त्यानं खिशातला मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "धरा जरा, सर. भिजंल." मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला.

तात्या उतरले. मांड्यांपर्यंत पाण्यात उभे राहून जाळी साफ करत होते.

आता रस्त्यावर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तिथं जमलेल्या लोकांनी वायरमनला फोन केला होता. वस्ती पेटंल, लाईट सोडा, मोटरी चालू करून पाणी मारतो. वायरमन भला माणूस, कधी कुणाला नाही म्हणायचा नाही. त्यानं सबस्टेशनला विनंती केली आणि पाळी नसताना वीज सोडली गेली. रस्त्यावरच्या लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. विहिरीवर आम्हाला बंबाच्या इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही. पाणबुडी मोटर पाण्यात असते, ती आवाज करत नाही.

तात्या एकदम कडेला कलले. मला वाटलं, शेवाळावरून पाय घसरला. त्या मुलाला काय वाटलं मला माहीत नाही. "तात्या" एवढंच तो म्हणाला, आणि पायऱ्यांवरून जवळजवळ उडी मारतच खाली गेला. त्यानं तात्यांच्या काखेत हात घातला आणि तोही तिथंच बसला. हाक नाही, धडपड नाही. दोन माणसं पाण्यात बसली, इतकंच मला दिसलं, आणि माझ्या डोक्यात शिरेना की हे काय आहे. तिसरा फायरमन उतरायला निघाला. त्याला कोणीतरी मागून धरलं.

मी मान वळवली, ती का वळवली ते आजही सांगता येत नाही, आणि मला आमच्या पाटात पाणी पडताना दिसलं. स्वच्छ, भरभरून पाणी. उसाच्या सरीत शिरत होतं.

स्टार्टरचा डबा वीस पावलांवर होता. मी धावलो, लाल बटण दाबलं. परत आलो तेव्हा दोरानं दोघांना वर घेत होते. बारामतीला दवाखान्यात नेलं, पण ते न्यायचं म्हणून नेलं. मी काठावर उभा होतो. कोणी पाणी दिलं, ते मी प्यालो नाही, नुसता पेला धरून उभा राहिलो. शेजाऱ्याचा जळका ऊस तीन दिवसांत तोडून कारखान्याला गेला आणि त्याची साखरही झाली असेल.

पोलीस यायच्या आत भावानं ऑटो काढला. मी बघत होतो. त्यानं स्क्रू फिरवला, दोन तारा सोडवल्या, डबा पिशवीत घातला. मी जबाबात सांगितलं, "मोटर बंद होती. वीज अचानक आली." दोन्ही वाक्यं खरी होती. मग मोटर चालू कुणी केली, असं पंचांपैकी एकानंही विचारलं नाही. प्रत्येकाच्या मोटरीला ऑटो होता.

घरी आल्यावर खिशात फोन वाजला. पडद्यावर 'आबा' अशी अक्षरं आली. तीनदा वाजला. मी उचलला नाही. मग तो बंद पडला आणि मी तो कपाटात, कपड्यांखाली ठेवला. मी, जो पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करतो.

दोन महिन्यांनी केंद्रातला एकजण बाजारात भेटला. चौकशीचा अहवाल आला होता. वीजपुरवठ्याची खात्री न करता दोघे पाण्यात उतरले, सबब त्यांचा निष्काळजीपणा. मेले तेही तेच, आणि चुकलेही तेच. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन मी इंदापूर तालुक्यात गेलो, पळसदेवला, त्या मुलाच्या घरी.

उजनी धरणाचं पाणी बरंच उतरलं होतं, त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. त्याचे वडील पाण्याच्या कडेला मोटर सरकवत होते. पाणी मागं जाईल तशी मोटरही पुढं न्यावी लागते. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता तीन एकर ऊस. मी माझी ओळख सांगितली. त्यांनी हात पुसले, फोन घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि कोपरीच्या खिशात ठेवला. इतके दिवस कुठं होता, हेही विचारलं नाही. बाभळीखाली मला बसायला पोतं टाकलं.

खांबावर स्टार्टरची पेटी होती. उघडी. आत नवाकोरा ऑटो, त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मी त्याच्याकडं बघतोय हे त्यांनी बघितलं. "गेल्या महिन्यात बसवला," ते म्हणाले. "तो हुता तवर बसवू दिला न्हाय. सुट्टीला आला की रातीचा सोता उठून बटण दाबायचा. म्हणायचा, आबा, हिरीत उतरायच्या आधी आमी पयलं हेच इचारतो, आटो हाय का म्हणून. लई माणसं ह्यानं गेल्यात." मग म्हणाले, "साहेब लोक म्हंत्यात, त्यानं इचारलं न्हाय. आसं हुईल का, सर? घरात रोज सांगणारा माणूस, तितं इसरंल का?"

मला वाटत होतं, हे मला शिव्या देतील, अंगावर येतील. त्याची तयारी करून मी आलो होतो. हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं.

"इचारलं होतं त्यानं, आबा," मी म्हणालो. "मलाच इचारलं. आटो हाय का म्हणून. आटो होता. मी सांगितलं न्हाय. लाईटच न्हाय तर आटो काय करंल, असं म्हणालो आणि समद्यांसमोर त्याला हसलो. जमलेली माणसंबी हसली. मग तो गप्प बसला."

मोटरीच्या केबलवर एक बगळा येऊन बसला, उडाला.

"म्हंजी इचारलं हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

"तो चुकला न्हाय."

"न्हाय, आबा. तो न्हाय चुकला. तात्याबी न्हाय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि रडले. मोठ्यानं नाही. मला वाटतं, त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच रडले असावेत. इतके दिवस त्यांना पोराची बाजू मांडायचं काम होतं. मीही रडलो, पण माझ्या रडण्याचा मला रागच आला.

मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "हे लिवून द्याल का?"

शिक्षकाच्या खिशात पेन असतंच. वहीचं पान त्यांच्या नातवंडाच्या दप्तरातून आलं. मी मांडीवर धरून लिहिलं, सरकारी कागदाला शोभेल असं. 'सदर कर्मचाऱ्याने विहिरीतील मोटरीस ऑटो आहे किंवा कसे, याबाबत मजकडे स्पष्ट विचारणा केली होती. ऑटो बसविलेला असूनही मी योग्य ती माहिती दिली नाही. नंतर पोलीस येण्यापूर्वी ऑटो काढून टाकण्यात आला.' खाली नाव, गाव, तारीख.

"वाचा," ते म्हणाले. त्यांना अक्षरओळख नव्हती.

मी वाचून दाखवलं. ते मान खाली घालून, एकेक शब्द तोलत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्यावर बोट ठेवलं, मग परत माझ्याकडं दिला.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पर तुमी त्याला हसला, ते हितं न्हाय."

मी पेन पुन्हा उघडलं. सहीच्या वर थोडी जागा शिल्लक होती. तिथं मी ते लिहिलं, आणि मग त्यांना तेवढंच पुन्हा वाचून दाखवलं.