दोरीपलीकडचं विमान

भाऊच्या डोळ्यांबद्दल मी आजवर कुठे बोलले नाही, कारण बोलायचं नाही अशी त्याने मला ताकीद दिली होती. आता बोलते. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ते कसं उघडं पडलं हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे अकोल्याचे. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, जमीन जरा निवली की आडवं व्हायचं आणि आभाळ पाहायचं, एवढीच आमची करमणूक. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. जातात, उतरत नाहीत. विमानतळ होणार, धावपट्टी वाढणार, हे ऐकता ऐकता आमच्या घरातली एक पिढी संपली आणि दुसरीचे केस पिकले. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाने विमान पाहायचं तर मान वर करूनच. पांढऱ्या रेघेच्या टोकाला असलेला ठिपका पाहून भाऊ विमान कोणतं ते सांगायचा. मोहल्ल्यातली पोरं पैजा लावायची आणि हरायची.

मी शाळेत असताना त्याने मला नागपूरच्या एअर शोला नेलं. हवाई दलाचं हेर विमान, मिग-पंचवीस, येणार होतं. शत्रूच्या मुलखावरून इतक्या उंचीवरून जाणारं, की खालून कोणी त्याला हात लावू शकत नसे. फोटो काढायचं आणि परत यायचं. ते आपल्याकडे आहे हेसुद्धा कितीतरी लोकांना माहीत नव्हतं. सकाळी ते जमिनीवर उभं होतं. राखी रंगाचं, दोन शेपट्यांचं, अंगाने आमच्या शाळेच्या एका वर्गाएवढं. भाऊ दोरीपाशी किती वेळ नुसता उभा राहिला. शेवटी पहाऱ्यावरचा जवान वैतागून हसला, दोरी वर केली आणि हिंदीत म्हणाला, जा, देखके आ. भाऊ माझा हात धरून नाकाखाली गेला. तिथे कॅमेऱ्यांच्या लहान काचा होत्या. त्याने एकेक काच मला दाखवली.

दुपारी ते उडालं आणि मैदानावरून एक फेरी मारून गेलं. सगळी गर्दी आवाज येत होता तिकडे पाहत होती. नवखा माणूस हीच चूक करतो, कारण इतकं वेगवान विमान आपल्या आवाजाच्या कितीतरी पुढे असतं. भाऊने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून पुढे वळवलं. “आवाजाकडे नको पाहू वं, त्याच्या समोर पाय!” आणि मला ते दिसलं. आजूबाजूच्या किती जणांना दिसलं कोण जाणे.

पुढे आम्ही दोघंही अमरावतीत स्थिरावलो. तो कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, मी शाळेत. इथे आम्हाला आमच्यासारखेच विमानवेडे भेटले. काही अमरावतीचे, दोघं-तिघं अकोल्याहून येणारे. दर रविवारी संध्याकाळी बडनेरा रोडवरच्या एका गच्चीवर आम्ही जमतो. गिला वडा, चहा आणि आभाळ. आजकाल सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ॲप असतं, विमान कुठून कुठे चाललंय ते त्यात दिसतं. तरी वर घरघर झाली की मोबाईल काढायच्या आधी सगळे एकच प्रश्न विचारायचे, “भाऊ, कोणतं?” क्लास सुटला, वहिनी गेली, मुलगा परदेशी राहिला. त्या माणसाकडे स्वतःचं म्हणून उरलं होतं ते एवढंच: रविवारी त्याला विचारलं जायचं.

आणि त्याच माणसाच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, म्हणून तो चालतो, जिना चढतो, चहाचा कप बरोबर उचलतो. पण ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसलं जातं. समोरच्याचा चेहरा नाही, फळ्यावरची अक्षरं नाहीत, आभाळातला ठिपका तर नाहीच नाही. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. भाऊ मला म्हणाला, “गच्चीवर कोनाले सांगशीन तं पाय.” तो आवाजावरून विमान ओळखायला लागला, आणि इतकं अचूक की कोणालाही शंका आली नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि भीतीही वाटायची.

मग यंदा ती जाहिरात आली. एका मंडळाने मोठ्या मैदानावर विमानांचा मेळा भरवला होता, आणि त्यात ‘सुप्रसिद्ध हेर विमान’ ट्रेलरवरून आणून उभं करणार होते. कधीचं निवृत्त झालेलं मिग-पंचवीस. भाऊ म्हणाला, “हातभर अंतरावून पायलं तं कडेकडेनं दिसते मले. एक डाव नेऊन दे.” आयुष्यात त्याने माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही.

आम्ही सकाळीच पोहोचलो. तिथे काय होतं? मंडप होता. सोफे होते. सोफ्यांवर बसणाऱ्यांच्या गाड्या होत्या. त्यापलीकडे विमान होतं, आणि मंडपाच्या अलीकडे, कितीतरी मागे, बांबू आणि दोरी लावून आम्ही पब्लिक होतो. विमानाच्या नाकाला झेंडूचे हार घातले होते आणि अंगावर कोणा हात जोडलेल्या पुढाऱ्याचा फ्लेक्स बांधला होता. ज्या विमानाला शत्रू अडवू शकला नाही, त्याच्या अंगावर या लोकांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा टांगल्या!

मी दोरीवरच्या पोराला समजावून सांगितलं. पिवळा पट्टा लावलेला तो पोरगा माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “काकू, पास हाय काय?” मी म्हटलं, पास नाही, पण यांच्या डोळ्यांना त्रास आहे, जवळ नेऊन आणते, दोन मिनिटं. “मंग मोठ्या स्क्रीनवर पाहा ना.” मी त्याच्या साहेबाला बोलवायला सांगितलं. साहेब आला, माझं सगळं ऐकून घेतलं, “बघतो” म्हणाला आणि सोफ्यांकडे निघून गेला. मग माझा तोल गेला. “हे विमान काय तुमच्या घरचं हाय? आमच्या पैशानं घेतलं ते!” मी ओरडले, आणि लोकांनी वळून माझे मोबाईलवर फोटो काढले. भाऊने माझी बाही ओढली. “चाल वं. काहून तमाशा करून राहिली.”

तेवढ्यात मला मंडपात आमच्या गच्चीवरचा एक जण दिसला. ठेकेदार माणूस, ओळखी दांडग्या, गळ्यात पास. मी त्याला हाका मारल्या, भाऊकडे बोट दाखवलं. त्याने हात वर करून ‘एक मिनिट’ अशी खूण केली. ते मिनिट काही संपलं नाही. तो विमानाच्या पोटाखाली, शिडीवर, शेपटीपाशी फोटो काढून घेत राहिला. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहिलो आणि परत निघालो. वाटेत भाऊ एकच वाक्य बोलला, “रंग तोच हाय ना, राखी?” मी म्हटलं, हो, तोच.

पुढच्या रविवारी गच्चीवर दुसरा विषयच नव्हता. आधी जुन्या आठवणी निघाल्या, कोणी ते विमान कुठल्या शोमध्ये पाहिलं, कोणाचे कान किती वेळ बधिर झाले. मग परवाचा मेळा. आमच्यात एक रीत आहे: एकट्याने पाहिलेलं आम्ही धरत नाही. ज्याने पाहिलं त्याने सांगायचं, आणि बरोबरच्या कोणीतरी ‘पाहिलं’ म्हणायचं, की झालं. कोणीतरी विचारलं, “भाऊ, तुमी पायलं काय जवळून?”

दिसलं नाही, दोरीमागे उभं केलं, असं तो सांगू शकला असता. त्यात त्याची काय लाज होती? पण इतरांना तेवढ्या अंतरावरून बरंच दिसलं होतं, आणि मग पुढचा प्रश्न डोळ्यांचाच आला असता. भाऊ म्हणाला, “पायलं ना. डोळे भरून पायलं.” आणि तो वर्णन करायला लागला. सडसडीत लांब नाक, त्याखाली कॅमेऱ्यांच्या काचा, मागे एकच कॉकपिट. एकही तपशील चुकीचा नव्हता. फक्त ते विमान नागपूरचं होतं, माझ्या शाळेच्या दिवसांतलं.

ठेकेदाराने मोबाईल पुढे केला. “भाऊ, पन याले तं दोन कॉकपिट होते. एक नाकातच.” फोटोत ते स्वच्छ दिसत होतं. मंडळाने आणलं होतं ते वैमानिकांना शिकवण्याचं विमान, पुढे एक आणि त्याच्यामागे जरा वर दुसरं कॉकपिट असलेलं. कॅमेरे नाहीतच. हेर विमान म्हणून पोस्टर लावणाऱ्यांना तेवढंही ठाऊक नव्हतं. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आली नसती. पण आमच्या गच्चीवर ती लपणं शक्य नव्हतं, तिथे बसलेल्या प्रत्येकाला दोन कॉकपिटांचा अर्थ कळत होता. सगळे भाऊकडे पाहायला लागले, आणि मग माझ्याकडे. मेळ्यात मी त्याच्यासोबत होते ना.

“एकच होतं,” मी म्हटलं. “मी पायलं.”

फोटो समोर होता. कोणी वाद घातला नाही. ठेकेदाराने मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, “असन बा.” इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही. मी त्याला सुनावायचं ते सुनावलंच, पास, ते एक मिनिट, सगळं. तो ऐकत बसला. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी जाताना भाऊ माझ्या स्कूटीवर मागे बसला होता. राजापेठेचा पूल आला. मग म्हणाला, “दोन होते ना?”

“हो.”

“मंग एक काहून म्हनली?”

“तू एक म्हनला म्हनून.”

“फोटो होता वं समोर,” तो म्हणाला. “तू झाकाले गेली, अन् आता समजलं त्याईले.”

मला ते तेव्हाही पटलं नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा एकच म्हणेन. जाब द्यायला हवा होता तो दोरी लावणाऱ्यांनी, आणि खोटं बोलावं लागलं आम्हाला.

नंतरच्या रविवारी वर घरघर झाली. आवाज चांगला मोठा होता, विमान खालून चाललं होतं. कोणी काही विचारलं नाही. ठेकेदार उठून भाऊच्या शेजारी आला, त्याच्या कोपराला धरलं आणि म्हणाला, “भाऊ, डाव्या हाताले, थोडंसं वर. पांढरं हाय, दोन इंजिनचं.” दुसऱ्याने कुठून कुठे चाललंय ते ॲपवर पाहून सांगितलं. तिसऱ्याने चहाचा कप त्याच्या हातात नीट धरवून दिला. लहान लेकराला चांदोमामा दाखवावा तसे सगळे त्याला विमान दाखवत होते, आणि भाऊ मान वर करून “हो हो” म्हणत होता.

“सांगता काय त्याले!” मी ओरडले. “विचारा! इतकी वर्सं विचारत होते ना? विचारा!”

 मग अकोल्याहून येणाऱ्यांपैकी एकाने घसा साफ केला आणि विचारलं, “भाऊ, कोणतं होतं?”

विमान तोवर लांब गेलं होतं, पण त्याचा आवाज अजून येत होता. भाऊने तो शेवटपर्यंत ऐकला. मग कप खाली ठेवला.

“मले दिसलं नाई,” तो म्हणाला.

तो आवाज त्याला ओळखता आला नाही, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.