कीर्तिमुखाला ऑइलपेंट

आमच्या देवळाच्या उंबरठ्यावर एक तोंड कोरलेलं आहे. डोळे बाहेर आलेले, डोक्यावर शिंगं, वरचे दात, आणि खालचा जबडाच नाही. गल्लीत सगळे त्याला राक्षस म्हणतात. आधी त्याला हळदकुंकू, मग आत पिंडीला पाणी, हा इथला रिवाज.

अंधेरीहून साकीनाक्याकडे जाताना आमची गल्ली लागते. रस्ता रुंद करायची नोटीस आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायचे. आखलेली रेषा देवळावरून आणि त्यामागच्या खोल्यांवरून जात होती. त्यातली एक खोली आमची. देऊळ विटापत्र्याचं, जुना काय तो उंबरठा. मी अर्जात लिहिलं की इथे राक्षसाचं प्राचीन तोंड आहे. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्याचा शास्त्रातला शब्द सांगितला: कीर्तिमुख. तेवढा एक शब्द बदलून अर्ज जुन्या वास्तूंच्या खात्याला धाडला, तर उत्तर आलं, साहेब पाहणीला येतील. इथे माणसं राहतात म्हणून घसा फोडला तर शिपाईसुद्धा फिरकत नाही. कीर्तिमुख राहतं म्हटलं की जीप निघते. संताप आला. पण म्हटलं, शब्द चालतोय ना, मग चालवू.

साहेब दुपारी यायचे होते. सकाळी देवळापाशी गेले, बघते तर काय. राक्षसाचे डोळे पिवळेधमक, दात पांढरे, शिंगं हिरवी. जिथे जबडा नव्हता तिथे सपाट दगडावर लालभडक जीभ. रंग अजून ओला होता आणि शेजारी माझे बाबा ब्रश पुसत बसले होते. गिरणी गेल्यापासून ते एका कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवायचे. तिथलेच उरलेले डबे.

"बाबा, काय केलंस तू हे?"

"पावणो येतलो तर घर सारवूक नको?"

त्यांना खरंच वाटलं होतं मी खूश होईन. मी तोंडाला येईल ते बोलले. जुनं दिसणं हेच आपलं एकमेव म्हणणं होतं आणि आता तो जत्रेतला मुखवटा दिसतोय, साहेब हसून परत जाईल, मग खोली गेली समज. बाबा उठून कारखान्यात थिनर आणायला गेले. मी समोरच्या ग्रिलवाल्याकडून तारेचा ब्रश आणला.

तो दगडाला टेकवणार तोच गुरवकाकू आडव्या आल्या. देवळाची झाडलोट त्यांच्याकडे होती आणि त्यांची खोलीही रेषेतच होती. "देवाच्या तोंडावर तार घासतेस? आधी माझं थोबाड घास."

काकू, खोल्या जातील, मी म्हटलं.

"तू पुढारीण. तुला पत्रकं वाटायला दुसरी गल्ली मिळेल. मला दुसरा देव कोण देणार?"

हे मला लागलं. शेवटी थिनर आणि जुनं फडकं, इतक्यावर त्या तयार झाल्या. बाबा घासत होते, मी घासत होते, काकू आमच्या मागे उभ्या राहून नखाएवढी चूक दाखवत होत्या. वासाने डोकं भणभणलं. डोळे निघाले, दात निघाले, शिंगं निघाली. जीभ मात्र दगडाच्या छिद्रांत मुरलेली. ती तशीच होती आणि कोपऱ्यावर जीप थांबली.

साहेब उकिडवे बसले. बोट फिरवलं.

"हे कोणी रंगवलं?"

"मी, साहेब," बाबा उभे राहिले.

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, रंगाने काय होतंय, दगड अस्सल जुना आहे. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी फडकं खिशात कोंबलं. तेवढ्यात साहेब पुढे म्हणाले की इतकी सुंदर वस्तू अशी दारात पडलेली बरी नाही, ती संग्रहालयात हवी. सैलच आहे, आजच नेऊ. जीपमधून दोघं पहार घेऊन उतरले.

मी विचारलं, आणि देऊळ? खोल्या?

"ते माझं खातं नाही. हा उंबरठा निघाला की रस्त्याला काही अडचण उरत नाही."

माझ्याच अर्जाने दगड वाचत होता आणि आम्ही जात होतो.

उंबरठ्यावर बसू नये हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. काकू तर उंबरठ्याला चुकून पाय लागला तरी स्वतःचे कान धरायच्या. त्या आल्या, लुगडं सावरलं आणि सरळ त्यावर बसल्या. शेजारी बाबा बसले.

साहेबांनी उठायची विनंती केली. मग जरा दरडावलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या आहात, समजवा यांना. अर्ज तुमचाच होता ना?"

"अर्ज नुसत्या दगडाचा नव्हता, जागेचा होता," मी म्हटलं, आणि उरलेल्या वीतभर जागेत घुसून बसले. काकूंचं कोपर माझ्या बरगडीत रुतत होतं. पहारवाले साहेबांकडे बघत राहिले, साहेब घड्याळाकडे.

शेवटी त्यांनी शेरा लिहिला: वस्तू प्राचीन, स्थानिकांच्या विरोधामुळे जागेवरच. तो शेरा आहे तोवर रस्तावाले देवळाला हात लावत नाहीत, आणि देऊळ मध्ये उभं असताना रस्ता मागच्या खोल्यांपर्यंत पोचत नाही. अजून तरी आम्ही तिथेच आहोत. उद्याचं कोणी सांगावं.

जीप वळली तशा काकू ताडकन उठल्या आणि माझ्यावरच खेकसल्या. "बसलीस ना देवावर? जा, कळशी आण." आम्ही तिघांनी मिळून उंबरठा धुतला.