वन्संचं कोपर

वन्सं खऱ्या अर्थानं एकट्या वहिनीच्याच नणंद होत्या. पण वहिनी दिवसभर "वन्सं, वन्सं" करायची, तेव्हा मशीनवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं आणि ही बिनलग्नाची बाई अख्ख्या छापखान्याची नणंद होऊन बसली. वन्संना त्याचं काही वाटत नसे. नणंदेचा मान मिळतोय आणि सासरचा जाच कोणालाच नाही, तर बिघडलं कुठे, असं त्या म्हणायच्या.

नणंद-भावजय एका घरात सुखानं नांदतात यावरच लोकांचा चटकन विश्वास बसत नाही. या दोघी तर एका घरात राहून, एका डब्यातलं खाऊन, वर एकाच टेबलाशी बसून दिवसभर इंग्रजी वाचायच्या. छापखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका, औषधांची पत्रकं, कंपन्यांचे करार असला मजकूर यायचा. वहिनी मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायची. समोर वन्सं प्रुफावर पेन्सिल फिरवायच्या आणि वाचलेलं नि छापलेलं जुळलं नाही की खूण करायच्या. वन्संच्या नजरेतून चूक सुटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

आता काही गोष्टी कानाला कळतच नाहीत. इंग्रजीतलं 'कॅनॉट' जोडून लिहिलंय की 'कॅन' वेगळं आणि 'नॉट' वेगळं, हे वाचणाऱ्याच्या आवाजावरून कसं कळणार? त्यासाठी दोघींनी आपली एक रीत ठरवली होती. शब्द जोडून असेल तर वहिनी पेन्सिलीनं टेबलावर एकदा ठोकायची, तोडून असेल तर दोनदा. वहिनीचा या शब्दावर जुना राग होता.

"डू नॉट तोडून, विल नॉट तोडून, शुड नॉट तोडून," ती म्हणायची. "मग या एकट्या कॅननं कोणाचं घोडं मारलंय, की त्याला नॉटच्या गळ्यात बांधलं?"

"रीत आहे ती. एरवी जोडूनच लिहायचं," वन्सं म्हणायच्या. "पुढे ओन्ली येऊन 'एवढंच नव्हे, तर' असा अर्थ निघत असेल, तेव्हा नॉट त्या ओन्लीचा. तेव्हा तोडायचं."

"म्हणजे नॉटचं माहेर निराळं, सासर निराळं."

"तसंच समज आणि वाच पुढे."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मधल्या काळात वन्संचे कान गेले, ही गोष्ट मात्र वन्संशिवाय कोणालाही ठाऊक नव्हती.

एकदम गेले नाहीत. आधी दाराची घंटा गेली. मग कुकरची शिट्टी, मग फोन. माणसाचा आवाज यायचा, पण गोधडीखालून आल्यासारखा. समोर तोंड दिसत असलं आणि बोलणं कशाबद्दल आहे हे माहीत असलं की निभायचं. छापील मजकूर तर डोळ्यांपुढेच असे, त्यामुळे वहिनीचा गोधडीखालचा आवाज त्यांना पुरत होता. पेन्सिलीचा बारीक ठोका तेवढा पार नाहीसा झाला. पण टेबल होतं जुनं, लाकडी, एकसंध फळीचं. वन्सं डावं कोपर त्यावर घट्ट टेकवून बसायच्या आणि वहिनीचा ठोका त्यांना हाडात कळायचा. एक की दोन, कधी गल्लत झाली नाही. आपण फसवतोय असं त्यांना वाटायचं, आणि काम तर चोख होतंय असंही वाटायचं. या दोन्ही गोष्टी मनात घेऊन त्या रोज टेबलाशी बसायच्या.

डॉक्टरकडे जावं असं अनेकदा मनात आलं. पण डॉक्टर म्हटला की मशीन आलं, मशीन म्हटलं की ते कानावर दिसणार, आणि दिसलं की छापखान्याच्या मालकीणबाई विचारणार. प्रूफ वाचणारी बहिरी बाई कोण ठेवील? दादाच्या घरात आपण दोन घास खातो ते स्वतःच्या कमाईचे, एवढ्याच जोरावर वन्संची मान ताठ होती. ती कमाई गेली तर त्या घरात आपण कोण, हा विचार आला की त्या डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलायच्या.

आणि मग मालकीणबाईंना दया आली. बाई स्वभावानं चांगल्या. एके दिवशी दोघी आल्या तर जुनं टेबल जागेवर नाही आणि तिथे दोन नवी टेबलं, प्रत्येकीला वेगळं, स्वतःचा ड्रॉवर, कुलूप.

"किती वर्षं त्या फळीला चिकटून बसणार? आता ऐसपैस बसा," मालकीणबाई म्हणाल्या.

वहिनी हरखून गेली. तिनं लगेच ड्रॉवरमध्ये आपला डबा, रुमाल, गोळ्या मांडून संसार थाटला. वन्संनी दोन टेबलांमधल्या फटीकडे पाहिलं.

"जुनंच बरं होतं. सवय झाली होती," त्या म्हणाल्या.

"अहो, सवयीचं काय घेऊन बसलात, आठवड्यात होईल," मालकीणबाई हसल्या. जुनं टेबल तर सकाळीच भंगारवाल्यानं नेलं होतं.

वन्संनी आपलं टेबल ओढून वहिनीच्या टेबलाला भिडवलं. कडांना रबराची पट्टी होती, तिनं सगळं गिळून टाकलं. त्यांनी पाय लांब करून वहिनीच्या टेबलाच्या पायाला अंगठा लावून पाहिला. वहिनी म्हणाली, "वन्सं, लाथा काय मारताय?" मग त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून वहिनीच्या हाताकडे बघायला सुरुवात केली. पण हाताकडे बघावं तर प्रुफावरची ओळ सुटायची, आणि ओळ धरावी तर हात सुटायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत झाली. वहिनीनं सहज मान वर केली तरी वाटायचं, हिला कळलं. बहुतेक ठिकाणी 'कॅनॉट' जोडूनच असतं, या एका आधारावर त्या दिवस ढकलत होत्या.

तो आधार दवाखान्यातल्या खाटा बनवणाऱ्या एका कंपनीनं काढून घेतला. चाकांच्या, वरखाली होणाऱ्या खाटा. त्यांची माहितीपुस्तिका आली ती ताकीद घेऊनच. मजकूर आमच्या वकिलानं मंजूर केलाय, चूक वाटली तरी सुधारू नका, जसाच्या तसा छापा. त्या मजकुरात तो शब्द कुठे जोडून होता, कुठे तोडून, वकिलाच्या लहरीप्रमाणे. वहिनी वाचत गेली, ठोकत गेली. वन्सं पेन्सिल फिरवत गेल्या. जिथे हात दिसला तिथे त्यांनी नीट केलं. जिथे दिसला नाही तिथे प्रुफात असेल तसं राहू दिलं किंवा सवयीनं जोडून टाकलं. शेवटच्या पानावर त्यांनी सही केली. देव करो आणि कोणी ताडून न पाहो, असं त्या मनात म्हणाल्या.

कंपनीच्या माणसानं ताडून पाहिलं. पुस्तिका छापून, दुमडून, टाचून झाल्यावर सगळे गठ्ठे परत आले आणि जिन्याखाली रचले गेले. येणारा-जाणारा त्यांना वळसा घालून जाई.

मालकीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. वन्संना वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान नीट ऐकू आलं असतं. बाईंच्या ओठांवर डोळे लावून त्या उभ्या राहिल्या.

"वन्संची चूक होणार नाही, हे मी जाणते," बाई म्हणत होत्या. "वहिनी, ठोकण्यात तुमचीच गफलत झाली असणार. नवीन टेबल, गप्पा, लक्ष कुठेतरी. उद्या बघू काय करायचं ते."

वहिनीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्या क्षणी वन्संना सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. बाहेर येईपर्यंत त्या वाटण्याची त्यांना किळस आली होती.

घरी दादानं विचारलं, तर वहिनी "डोकं दुखतंय" म्हणाली. वन्सं पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि दारातच थांबल्या. वहिनी ओट्याशी उभी होती. समोर जुनं कसलंसं इंग्रजी पत्रक होतं, हातात चमचा. ती पुटपुटत होती आणि चमच्यानं ओट्यावर ठोकत होती. एकदा. मग दोनदा. मग थांबून पत्रकात बघायची, मान हलवायची, पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांची सराईत बाई, आपल्याला साधं ठोकता येतं की नाही याची परीक्षा घेत होती. वन्संना ठोका ऐकू आला नाही, नुसता चमचा वर-खाली होताना दिसला. पाणी न पिताच त्या मागे फिरल्या.

सकाळी मालकीणबाईंनी निर्णय सांगितला. वहिनीनं बांधणी विभागात जायचं, टाचे मारायचे, पगार तिथला. वन्संना दुसरी वाचणारी मिळेल.

"बरं," वहिनी म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

"तिनं बरोबर ठोकलं होतं," वन्सं म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. ठोका तर कितीतरी दिवस नाही. त्या जुन्या टेबलावर कोपराला कळायचा."

आपण हळू बोललो अशी त्यांची समजूत होती. पण काचेपलीकडे मशीनवाल्यानं मान वर केली, कागद मोजणाऱ्या बायका थांबल्या. मालकीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोंड मोठं करून सांगितलं की वहिनी आपल्या जागेवर राहील, वन्संनी आजपासून प्रूफ वाचायचं नाही. आधी कान दाखवून या. पुढचं मी आज सांगू शकत नाही. त्यात राग नव्हता. लहान मुलाशी बोलावं तसं ते तोंड मोठं करणं मात्र वन्संना फार लागलं. ड्रॉवरमधून त्यांनी चष्म्याचं घर आणि पेन्सिल घेतली, किल्ली कुलपातच ठेवली.

वहिनीही अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्यासोबत निघाली. रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही, किंवा बोलली असली तर वन्संना कळलं नाही. आता हे असंच राहणार, असं त्यांना वाटत होतं. नोकरी गेली. वहिनीही गेली तर त्या घरात उरलं काय?

घरी आल्यावर वहिनीनं चहा टाकला. पाठ वळवूनच काहीतरी बोलू लागली, मग एकदम थांबली, गॅस बंद केला, खुर्ची ओढून वन्संच्या समोर बसली.

"मी पाठमोरी असताना बोलते, ते तुम्हाला काहीच कळत नाही?"

"नाही."

"पण तुम्ही 'हं' म्हणता."

"म्हणते."

वहिनी टेबलावरचा नसलेला कण बोटानं टिपत राहिली. "गेल्या वर्षी, तुमच्या दादाचं दुखणं चालू होतं तेव्हा, मी इथेच भांडी घासत होते. वैतागले होते. तुम्हाला फार टाकून बोलले. या घरात तुम्ही... जाऊ दे. तुम्ही 'हं' म्हणालात. दुसऱ्या दिवशी मला राहवेना, पुन्हा भांडी घासतानाच माफी मागितली. समोर बघून मागायचा धीर नव्हता. तेव्हाही तुम्ही 'हं' म्हणालात आणि उठून गेलात. मी वर्षभर समजून चाललेय की तुम्ही मनात ठेवलंय."

वन्संना त्या दोन्ही दिवसांतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. काय बोलली असेल ही? विचारावंसं वाटलं, आणि विचारायची भीतीही वाटली. कमाई गेल्यावर, जे बोलली असेल ते आज खरंच झालं होतं, असं काहीसं त्यांना वाटून गेलं.

"पहिलं राहू दे," त्या म्हणाल्या. "दुसरं सांग. समोर बघून."

वहिनीनं सांगितलं. पण तिचे ओठ इतके थरथरत होते की वन्संना त्यातलं काहीच लागलं नाही. एरवी त्यांनी "हं" म्हटलं असतं. त्यांनी वहिनीचा हात धरला आणि म्हणाल्या, "नाही कळलं गं. परत सांग."