कापून टाकलेली मध्यरेषा

माझा एक फोटो तुम्ही पाहिलेला आहे. नाही म्हणू नका. ऐंशीच्या दशकात तुम्ही इकडे शाळेत असाल, तर दोनशे पानी वहीच्या कव्हरवर तो होता आणि तुम्ही त्याला निळ्या शाईनं मिशा काढल्या होत्या. मातीत पालथा पडलेला एक कबड्डीपटू, पायांना आणि कमरेला चिकटलेले चार जण, आवळलेले दात आणि पुढे ताणलेला उजवा हात. खाली जाड अक्षरांत ‘जिद्द’. तो फोटो मी काढला. ही बढाई नाही. बढाई मारायची तेवढी चाळीस वर्षं मारून झाली.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नाशकात एका सरकारी खात्यात कारकून होतो, गंगापूर रोडला दोन खोल्यांत राहायचो, आणि रविवारी सेकंडहँड कॅमेरा गळ्यात अडकवून मैदानांवर हिंडायचो. कुस्ती, खो-खो, कबड्डी, सायकलची शर्यत, जे असेल ते. बायको म्हणायची, "खेळतात ते, आणि दमून येता तुम्ही!" रात्री न्हाणीघराला काळा पडदा लावून मी रोल धुवायचो आणि फिल्म तिथेच वाळत टाकायचो, त्यामुळे सकाळी कुणाला वेळेवर अंघोळ मिळत नसे. कलेसाठी कुटुंबानं इतपत त्याग करायलाच हवा, असं माझं मत होतं.

मुंबईला फोर्टात एक गृहस्थ फोटोंचा साठा बाळगून होते. लोखंडी कपाटं, त्यांत पाकिटं, आणि पाकिटांवर ‘समुद्र’, ‘आई व मूल’, ‘शेतकरी (हसरा)’ अशी नावं. कॅलेंडरवाले, औषधवाले, वह्या छापणारे तिथे यायचे, पाकिटं चाळायचे आणि पसंत पडेल तो फोटो छापायला घेऊन जायचे. ‘खेळ’ या पाकिटात फक्त क्रिकेट होतं. उरलेलं सगळं मैदान माझ्यासाठी मोकळं सोडलं आहे, असं मला वाटलं. त्यांचे नियम दोनच. फोटो आधी कुठे छापून आलेला नसावा, आणि त्यातला माणूस कुठला ते कळू नये.

"छातीवर नंबर नको, मागे बोर्ड नको, गावाचं नाव नको," ते म्हणाले होते. "माणूस कुणाचाच नसला ना साहेब, की सगळ्यांना चालतो."

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं. तेव्हा मला ते कलेविषयी आहे असं वाटलं होतं.

अंबडला त्या वेळी नुकते कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एका कारखान्याच्या संघात कळवणकडचा एक जण होता. पंचविशीचा, काटक, चढाईला गेला की समोरचे दोन पावलं आपोआप मागे सरकायचे. नोकरी मात्र टेंपररी. दर काही महिन्यांनी ब्रेक मिळायचा, मग साहेबांच्या मर्जीनं पुन्हा भरती. त्या वर्षी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की जिल्ह्याचा कप आणलात तर याला पर्मनंट करू. नुकतं लग्न झालेलं. पर्मनंट झाला की खोली घेऊन बायकोला गावाहून आणणार होता. हे सगळं त्यानंच मला अंतिम सामन्याआधी बुटाची नाडी सोडता सोडता सांगितलं.

"फोटो काढा साहेब माझा. बायकोला दाखवीन. तिनं मला खेळताना पायलेलं नाय अजून."

सामना लांबला. दिवेलागण झाली, उजेड गेला. शेवटची चढाई त्याची. चौघांनी धरलं. तो कबड्डी-कबड्डी म्हणतच त्यांना ओढत मध्यरेषेकडे सरकला. दम न सोडता हात रेषेला लागला तर ते चौघे बाद आणि कप अंबडला. नाही लागला तर सगळं संपलं. रेषेच्या त्या टोकाला पंच उभा होता, या टोकाला मी बसलो होतो. मी लागोपाठ दोनदा बटण दाबलं. पंचानं शिट्टी फुंकून त्याला बाद दिलं.

मंगळवारी तो माझ्या ऑफिसात आला.

"साहेब, शेवटचा फोटो आला का? माझं बोट लागलं होतं रेषेला. बोटाला रेषेची पांढरी फक्की लागली होती, ती मी दाखवली पंचाला. तर तो म्हने, मैदानभर फक्कीच हाय."

"मग आता?"

"संघटनेचे चिटणीस म्हनले, तीन दिवसांत पुरावा आना, परत बघू. कॅमेरा तुमच्याकडंच होता फक्त."

फोटो आदल्या रात्री धुऊन झाला होता. मधल्या बोटाचं टोक फक्कीच्या रेषेवर होतं. जवळ नव्हे, रेषेवर.

"अरे, रोलला उजेड लागला," मी म्हणालो. "एकही आला नाही."

"एकबी नाय?"

"एकही नाही."

तो दारापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "लय वाईट झालं. तुमचा पुरा रोल वाया गेला."

माझ्याबद्दल वाईट वाटून तो गेला. पुढच्या ब्रेकनंतर त्याची पुन्हा भरती झाली नाही. साहेबांचा शब्द कपापुरता होता.

मी खोटं का बोललो, याचं एक कारण मी स्वतःला दिलं होतं आणि ते बरंच टिकलं. फोटो त्याला दिला असता तर तो गावातल्या वर्तमानपत्रात आला असता, आणि छापून आलेला फोटो फोर्टातल्या गृहस्थांनी घेतला नसता. कारण खरंच होतं. खरं कारण मात्र ते नव्हतं. त्याकडे येतो.

महिनाभरानं मी तो फोटो मुंबईला घेऊन गेलो. गृहस्थांनी पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या फोटोवर ठेवल्या आणि त्या सरकवत राहिले. कोपऱ्यात उभा असलेला माणूस पट्टीखाली गेला. मग रेषा गेली. पट्टी बोटाच्या पेरापाशी येऊन थांबली.

"रेषेला हात लागलाय हो तिथं," मी म्हणालो. अखेर मीही प्रामाणिक माणूस.

"म्हणून तर कापायची. पोहोचलेल्या माणसाला टॉनिक कोण विकणार साहेब? हात जात राहिला पाहिजे."

घरी येऊन मी तसाच कापून मोठा केला. त्यात मधल्या बोटाचं एक पेर गेलं. आजवर ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

फोटो तुफान चालला. आधी वही. मग अशक्तपणावरचं टॉनिक. मग बचतीच्या योजनेचं कॅलेंडर, ‘भविष्याकडे झेप’. मग कंबरदुखीचा मलम, कारण पडलेल्या माणसाची कंबर दुखत असणारच. मी प्रत्येक कात्रण वहीत चिकटवलं, आणि ऑफिसात डबे उघडले की ती वहीसुद्धा उघडायची. सहकारी म्हणायचे, "तुमच्या पैलवानाचं आज काय दुखतंय?"

दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा माझ्या टेबलासमोर उभा राहिला. हातात भिंतीवरून ओरबाडून काढलेलं पोस्टर. दारूबंदीचं. वर लिहिलं होतं, ‘दारू माणसाला मातीत घालते’. खाली तो.

"कळवणच्या स्टँडवर लावलंय," तो म्हणाला. "सासरा रोज तिथून येतो-जातो. आयुष्यात थेंब घेतला नाय मी. हा मीच ना साहेब?"

मी चष्मा पुसला. पोस्टर उजेडाकडे धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. तज्ज्ञ दिसण्यासाठी जे जे करतात ते सगळं केलं.

"मातीत पडलेला माणूस कुणासारखाही दिसतो रे," मी म्हणालो.

त्यानं पोस्टरची घडी घातली. "तुमचा रोल तर जळाला होता," एवढंच तो म्हणाला. प्रश्न होता की नाही, ते मला कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही.

आता खरं कारण. मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरीचा झोत मारला, हात वर केला आणि विचारलं, "आजोबा, किती बोटं?" मला पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसत नव्हतं. मी ठामपणे म्हणालो, "दोन."

चार होती. बाई हसल्या. मला घाम फुटला.

कारण फोटोच्या कोपऱ्यात उभा असलेला तो माणूस पंच होता. पूर्ण फोटोत त्याचे डोळे गच्च मिटलेले आहेत आणि एक हात चेहऱ्यापुढे आडवा आलेला आहे. अंधार पडू लागल्यावर लाउडस्पीकरवरून सूचना झाली होती, ‘फोटोग्राफर मंडळींनी मध्यरेषेजवळ फ्लॅश वापरू नये’. मंडळी म्हणजे मी. मित्राकडून मागून आणलेली फ्लॅशगन तशीच परत करणं माझ्या जिवावर आलं. पहिल्या झोतानं पंचाचे डोळे मिटले, दुसऱ्या झोतात ते तसेच फोटोत आले. पंचाला रेषा दिसली नाही, कारण ती नेमक्या त्या क्षणी माझ्या कॅमेऱ्याला दिसायची होती. पुरावाही मीच आणि गुन्हाही मीच, दोन्ही एकाच फिल्मवर. त्याला फोटो दिला असता तर कुणीतरी विचारलं असतं की पंचानं डोळे का मिटले. मग मी काय सांगणार होतो, प्रकाशयोजना?

निगेटिव्ह फरसाणाच्या डब्यात होती. पूर्ण फोटो करून घेतला, पत्ता शोधला. तो सिडकोत मुलीकडे राहतो. कारखाना सुटल्यावर त्यानं कांद्याच्या मार्केटात हमाली केली, हे मला दारातच तिच्याकडून कळलं. आता मी त्याला अहो-जाहो केलं. वयानं माणूस सुधारतो म्हणतात.

त्यानं फोटो गुडघ्यावर ठेवला. स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. बोट कुठवर गेलंय ते पाहिलं, त्यावर अंगठा ठेवला. मग त्याची नजर फोटोच्या कोपऱ्याकडे गेली.

"पंचानं डोळे झाकलेत."

"हो."

"कशानं?"

"माझ्या फ्लॅशनं. वापरू नका म्हणून सांगितलं होतं."

आतून कुकरची शिट्टी झाली. तो म्हणाला, "बोट लागलं होतं ते मला म्हाईत होतं. फोटो मला नको होता, साहेबांना दाखवायला पायजे होता." फोटोवरचा अंगठा उचलून, "त्यातला एकबी साहेब आता राहिला नाय."

मी म्हणालो, हे सगळं लिहिणार आहे. खरं काय ते छापून येऊ दे. फोटो पूर्ण छापू, खाली तुमचं नाव, गाव, सगळं.

त्यानं फोटो पालथा करून माझ्यापुढे सरकवला. "माझं नाव हितं मागं लिवा. तुमच्या हातानं."

मी लिहिलं. त्यानं ते वाचलं आणि फोटो मुलीकडे दिला.

"लेख लिवा," तो म्हणाला. "पर त्यात माझं नाव नको, फोटो बी नको. मला छापून लय झालं."