चमचाभर जवस

खामगावात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक तेलघाणा होता. घाणेवाला बैलाशी अन् गिऱ्हाइकाशी एकाच आवाजात बोलायचा. "चाल बापा" म्हटलं की बैलाआधी मीच सरकायची.

डॉक्टरनं माझा रक्तदाब वाढला म्हटलं, तेव्हा घाणेवाला म्हणाला, रोज चमचाभर जवस खा. मी घाबरलेली, चमच्याची वाटी केली, तेलात कालवून चार भाकरींसोबत खाल्ली. धडधड तशीच. मग बैलांच्या दमणीत बसून भांडायला गेले. "तुमचा जवस खोटा हाय."

त्यानं घाणा थांबवून बैलापुढं जवसाची पेंड टाकली.

"हा बी रोज जवसच खाते, काकू. पण हा चालते. तुमचं चालणं बी बैलच करते."

मी दमणी रिकामीच परत पाठवली.

मागून आवाज आला, "चाल बापा." कोणाले म्हणाला, ते मी वळून पाहिलं नाही.