सतरंजीखालचं पान

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही. दादा — माझे वडील — तर काहीच न कळता गेले, आणि जाताना पोराचा अभिमान घेऊन गेले. त्या अभिमानाची मला शिसारी येते. तुम्हाला सांगतो. बसा.

पत्त्यांची गोष्ट आहे. हसू नका. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं — पत्त्यांचीच तर गोष्ट आहे, त्यात काय एवढं?

मिलिंद माझा कॉलेजातला दोस्त. हिंगोलीत एकाच खोलीवर राहायचो, एका ताटात जेवायचो, रमीही तिथंच शिकलो. तो बौद्ध, मी कुरुंद्याच्या बागाईतदाराचा पोरगा. खोलीत याची कुणाला आठवणही नसायची. पुढं तो सिद्धेश्वरला धरणाच्या कचेरीत लागला, मी शेती बघायला गावी आलो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. दिवाळीत आमच्या गावच्या पोरांच्या मंडळानं रमीची स्पर्धा ठेवली, आणि निरोप मीच धाडला — ये, दोघं मिळून गाजवू.

मीच बोलावलं होतं त्याला. हे ध्यानात ठेवा.

हळदीच्या रिकाम्या गोदामात सतरंज्या अंथरलेल्या. पहिल्याला रंगीत टीव्ही, दुसऱ्याला सायकल, तिसऱ्याला कुकर. चौथ्याला काही नाही. खेळ सोपा — जो हरेल त्याच्या अंगावर गुण चढतात, एकशे एक झाले की माणूस बाहेर. पानं वाईट आली तर डाव सुरू होतानाच पालथी घालता येतात, त्याला पॅक म्हणायचं. पण त्याचेही वीस चढतातच.

दुपारी चहाला मिलिंद मला म्हणाला, "तू नुसते पानं बघून खेळून राहिला. आपल्या अंगावर किती चढले, समोरच्याच्या किती, ते बघ ना. आधी कोण मरते ते बघायचं."

तो तसाच खेळत होता. हातात बरी पानं असतानाही पॅक करायचा. लोकांना वाटायचं, भितो. संध्याकाळकडं चौघंच उरलो — वसमतचा एक व्यापारी, गोरेगावचे एक म्हातारे, मिलिंद आणि मी. त्या दोघांच्या अंगावर फारसं काही नव्हतं. मिलिंद अठ्ठ्याहत्तरवर. मी सत्याऐंशीवर.

याचा अर्थ लक्षात येतो का? मला पॅक करायची सोयच उरली नव्हती. पालथी घातली तरी मेलो, खेळून चौदा चढले तरी मेलो. मिलिंद मात्र एकदा पॅक करून अठ्ठ्याण्णववर जिवंत राहू शकत होता. माझ्या मरणाची वाट बघत बसायचं, एवढंच त्याला करायचं होतं. मी मेलो की कुकर त्याचा.

आणि तेवढ्यात दादा आले. माझ्या पत्त्यांवर आयुष्यभर थुंकलेला माणूस — लाऊडस्पीकरवर माझं नाव ऐकून बघायला आला, आणि चक्क पुढं येऊन बसला.

पानं वाटली. माझ्याकडं काही म्हणता काही नव्हतं. मिलिंदनं आपली पानं बघितली, बोटावर हिशेब केला आणि पॅक केलं. बरोबर केलं त्यानं. मी असतो तर तेच केलं असतं.

पानं खाली ठेवताना त्याच्या स्वेटरची बाही त्यांवरून घासली. एक पान घसरलं आणि सतरंजीच्या घडीत, त्याच्या गुडघ्यापाशी गेलं. त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी ते घसरताना बघितलं — तुमच्याकडं आता बघतोय तितकं स्वच्छ.

काय करायला हवं होतं? "अरे, पान पडलं," एवढंच ना?

मी म्हणालो, "थांबा. मिलिंदनं पान दाबलं."

पानं मोजली, तर बारा. घडी उचकली — तेरावं निघालं, आणि ते जोकर. पुढच्या डावाला दाबून ठेवलं, असं सगळ्यांना वाटायला तेवढं पुरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच दिवसभर टिकून राहिला." आणि दुसरा एक आवाज आला — "मी आधीच म्हणत होतो, ह्या लोकायला काहून बसवता?"

आता खरं सांगतो. ते वाक्य कुणीतरी बोलेल हे मला माहीत होतं. तोंड उघडण्याआधीच माहीत होतं. व्यापाऱ्यावर असा आळ घेतला असता तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते, म्हाताऱ्यावर घेतला असता तर मलाच उठवलं असतं. मिलिंदबद्दल कुणी काही विचारणार नव्हतं. आधी कोण मरतं ते बघायचं — मी बघितलं होतं.

मिलिंदला अजूनही माझ्याबद्दल शंका आली नव्हती. त्याला वाटलं माझ्या नजरेची चूक झाली. तो माझ्याकडं वळला. "तू समोरच होता ना? घसरलं ते. सांग ना यांना."

सगळे माझ्याकडं बघत होते. दादाही.

"मला तर दाबताना दिसलं," मी म्हणालो.

मंडळाच्या पोरांनी खिसे दाखव म्हटलं. त्यानं खिसे उलटे केले. स्वेटर काढून झटकला, सगळ्यांसमोर. थंडी होती, त्यानं तो परत घातला नाही, हातात धरूनच बाहेर गेला. सकाळी मीच त्याला सिद्धेश्वरहून माझ्या गाडीवर आणलं होतं. परत तो कसा गेला, मी विचारलं नाही.

त्याला बाद धरून डाव नव्यानं वाटला. तिघंच उरलो होतो, म्हणजे कुकर माझा झालाच होता. त्याच डावात मी बाहेर पडलो. गाडीवर मागं बसून दादा म्हणाले, "बरं झालं तुझी नजर होती. पोरगं हुशार निघालं माझं."

गोष्ट सिद्धेश्वरला पोचायला वेळ लागला नाही. कचेरीत लोक त्याला "बाही दाखवा साहेब" म्हणायचे, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्याच्या वस्तीत जयंतीच्या वर्गणीची पेटी वर्षानुवर्षं त्याच्याच घरी असायची. ती त्यानं आपणहून दुसऱ्याच्या हवाली केली. कुणी मागितली नव्हती. हे ऐकलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो. तेही सांगून टाकतो.

पुढं बऱ्याच वर्षांनी हिंगोलीच्या स्टँडवर तो भेटला. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. मी तोंड लपवायच्या आत त्यानंच हाक मारली. मुलीला म्हणाला, "हे माझे कॉलेजातले दोस्त." पूर्वी "हा माझा दोस्त" म्हणायचा.

मुलगी हसली. "काका, तुमी बाबासोबत पत्ते खेळायचे ना? आता बाबा हात बी लावीत न्हाईत. काहून सोडले, ते बी सांगत न्हाईत."

त्यानं तिला सांगितलं नव्हतं. माझं नाव राखलं होतं की स्वतःची लाज — मला कळलं नाही. तो माझ्याकडं बघत होता. गाडी लागायला वेळ होता, आडोसा होता, आणि ऐकायला त्याची लेक समोर उभी होती. याहून चांगली जागा कुठली मिळणार होती?

"कामाच्या रगाड्यात वेळ कुठं मिळतो," मी मुलीला म्हणालो.

त्यानं मान हलवली, तिची पिशवी उचलली आणि दोघं गाडीकडं गेले.

तो अजून सिद्धेश्वरलाच राहतो. रस्ता आता चांगला झालाय, तासाभराचीही वाट नाही. मी गेलेलो नाही.