द्राक्षबागेखालचं तांबं

नव्वदच्या दशकात मी तांबं आणि सोनं शोधायच्या नोकरीला होते. असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघायचे आणि मग हसायचे, कारण हातात काचेच्या बांगड्या आणि नखांत माती. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, आणि चेष्टेला दोन्हीकडे कमी नव्हती. सकाळी डबा हातात देताना सासूबाई रोज विचारायच्या, आज तरी माझ्या पाटल्यांपुरतं निघेल का गं? मी म्हणायचे, निघालं की पहिली तुम्हालाच हाक मारते, आधी डब्यात लोणचं टाका.

खाणकाम नुकतंच खासगी कंपन्यांना खुलं झालं होतं. अशाच एका कंपनीत मी होते आणि माझे साहेब कऱ्हाडचे. त्यांच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती. कर्नाटकात तांब्या-सोन्याचे जुने खडक आहेत, ते उत्तरेकडे सरकत येतात आणि आपल्या काळ्या कातळाखाली शिरून गडप होतात. कातळ जिथे पातळ आहे तिथून खाली डोकावायचं, एवढंच आमचं काम. खणायचं नाही. जमिनीत सळ्या ठोकायच्या, वीज सोडायची, मग बंद करायची, आणि बंद केल्यावरही जमीन ती वीज किती वेळ धरून ठेवते ते यंत्रावर बघायचं. साधी माती लगेच सोडून देते. खाली तांब्याचं खनिज असेल तर सोडायला वेळ लागतो.

रोज माधवनगरवरून जीप निघायची आणि तासगावच्याही पुढे कोरड्या माळावर आम्हाला नेऊन टाकायची. कित्येक आठवडे जमिनीने काहीच धरून ठेवलं नाही. सांगलीचं ऊन, पायाखाली खडे, आणि गावोगावची माणसं विचारणार, सापडलं का? पहिल्या आठवड्यात मी नीट समजावून सांगायचे. नंतर नंतर नुसतीच डाफरायचे. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात पोटात सकाळची अर्धी भाकरी.

आणि मग एका द्राक्षबागेत यंत्राने मान टाकली नाही. वीज बंद केली तरी आकडा खाली येईना. मी यंत्रावर दोन थापा मारल्या, सळ्या पुन्हा ठोकायला लावल्या. तेच. साहेबांनी माती तपासायला पाठवली, तर तिच्यातही तांबं भरपूर. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली, आणि मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की पाटल्यांचा नमुना निवडून ठेवा. आनंदाने मला नुसत्या उड्या माराव्याशा वाटत होत्या. वर्गातले बाकीचे बँकेत चिकटले होते, आणि मला खाण सापडली होती!

बाग एका आक्काची होती. म्हणजे राबायची ती, जमीन दिराच्या नावावर. सासऱ्यांची जुनी बाग होती ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा त्याच जागी तिने एकटीने नवी लावली. नवरा फौजेत. लावणी झाली तेव्हा तो सीमेवर, मांडव उभा राहिला तेव्हाही सीमेवर. आता येत्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो पेन्शन घेऊन कायमचा घरी येणार होता, आणि बागेला पहिलं पीक धरणार होतं तेही तेव्हाच. ती मला म्हणाली होती, “मॅडम, त्यांनी फक्त फोटूत बघितलीया बाग. आलं की घडाखाली उभं करनार हाय मी त्यास्नी.”

खाली खरंच काय आहे ते बघायला भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडायचं मशीन ट्रकवर असतं. ट्रक आत न्यायचा तर मधल्या ओळी काढायच्या, मांडव मोडायचा. साहेबांनी दिराला भरपाई सांगितली. दिराने मान डोलावली. आक्काला कुणी विचारलंच नाही. ती आम्हाला चहा देऊन निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी फवारणीला लागली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. बाग वाचावी असं वाटायचं आणि खाण माझीच निघावी असंही वाटायचं, आणि दोन्ही एकदम होणार नव्हतं.

ट्रक यायच्या आधी भोकाची जागा पक्की करायला साहेबांनी आणखी एक ओळ मोजायला सांगितली. वीज मोजायला आम्ही जमिनीत पाणी झिरपणारी मातीची छोटी भांडी पुरायचो, आत तांब्याची कांडी आणि मोरचुदाचं निळं पाणी. नेमका त्या दिवशी आमचा मोरचूद संपला. सांगलीला माणूस पाठवायचा म्हणजे दिवस गेला. मी तिथेच कंपनीच्या भांडारवाल्याचा उद्धार करायला लागले. आक्का फवारणीच्या पिंपापाशी उभी होती. म्हणाली, “मोरचूद व्हय? किती पायजे?” आणि तिने शेडचं दार उघडलं. आत मोरचुदाची पोती रचलेली.

मी हावरटासारखा पसा भरून घेतला. आणि तशीच उभी राहिले. मोरचूद म्हणजे तांबंच की! चुन्यात कालवून ते वर्षानुवर्षं वेलींवर मारायचं, पावसाने ते खाली मातीत उतरायचं. आधी सासऱ्यांनी मारलं, आता आक्का मारत होती. मातीत तांबं नाही सापडणार तर काय सापडेल?

मग मी वर बघितलं. मांडव. जमिनीत गाडलेले लोखंडी अँगल आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. विजेच्या खांबापासून लांब राहा, तारेच्या कुंपणापासून लांब राहा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं, कारण जमिनीत गाडलेलं लोखंडही वीज तांब्याच्या खनिजासारखीच धरून ठेवतं. आम्ही राहिलोही. पण द्राक्षबाग? सांगलीकडच्या माणसाला द्राक्षबाग म्हणजे पीक. त्यात लोखंड असतं हे ना माझ्या डोक्यात आलं, ना कऱ्हाडच्या साहेबांच्या. रोज बघून बघून ती तार आम्हाला दिसेनाशीच झाली होती.

तरी मी मनावर दगड ठेवून खात्री केली. त्याच दिवशी सळ्या उचलून गावाच्या दुसऱ्या अंगाच्या बागेत गेलो. तिथेही खाण. बांध ओलांडून शाळूच्या रानात गेलो, खाण गायब. परत बागेत, परत खाण. ठोकणारे गडी एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि मी त्यांच्यावर ओरडले, कारण मला रडू येत होतं. एवढी मोठी खाण हातची गेली होती.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा बघितले, चष्मा पुसला. मग म्हणाले, “म्हणजे अख्ख्या तालुक्याखाली तांबं आहे म्हणायचं.” आणि जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. ट्रकला निरोप त्यांनी स्वतः जाऊन फोनवर दिला, आणि दिरालाही त्यांनीच सांगितलं. दिराचं तोंड आंबट झालं. आक्काला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ती वेलींच्या काड्या तारेला बांधत होती. मी म्हटलं, आक्का, तुमच्या जमिनीत काही नाही. तांबं नाही, सोनं नाही, काही नाही. ट्रक येणार नाही.

तिने सुतळी खाली टाकली आणि मटकन बांधावर बसली. इतके दिवस हूं की चूं न केलेली बाई पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. मी शेजारी बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, “नक्की काय न्हाई ना, पोरी? पुन्यांदा बघाया येनार न्हाई ना कोन?” मी म्हटलं, नक्की. माझ्या सहीनिशी देते.

दुसऱ्या दिवशी सामान न्यायला गेलो तर आक्का देवळापुढे परात घेऊन उभी. येईल त्याच्या हातावर साखर ठेवत होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, सोनं सापडलं व्हय? ती म्हणाली, न्हाई सापडलं, आणि त्याच्या तळव्यावर आणखी एक चिमूट ठेवली. म्हातारा गोंधळून तशीच साखर धरून उभा राहिला. तुमच्या जमिनीत काही नाही, हे वाक्य पुढे नोकरीत मी पुष्कळांना सांगितलं. साखर वाटणारी तेवढी एकच भेटली.